राग्नाच्या हातातला ग्लास

२८ फेब्रुवारी १९८९, आकुरेरी

उद्यापासून आइसलँडमध्ये बिअर खुली. चौऱ्याहत्तर वर्षांची बंदी संपली. दारूबंदी मंडळाच्या आम्ही सात जणी आज भेटलो, बहुधा शेवटचं. कॉफी कुणी संपवली नाही. राग्ना माझा हात धरून रडली – ‘हरलो गं आपण, सोल्वेइग.’ वीस वर्षं आम्ही दोघींनी बर्फातून दारोदार सह्या गोळा केल्या. तिच्यासारखी दुसरी नाही.

१ मार्च

बाहेर गाणी. समोरचे मास्तरसुद्धा दोन खोकी घेऊन आले. मी पडदे ओढून बसले. राग्नाला तीनदा फोन केला, उचलला नाही. तीही अशीच बसली असेल.

२ मार्च

पेपरात पहिल्याच पानावर रेक्याविकच्या एका पबमधली गर्दी. मधोमध राग्ना! हातात ग्लास, तोंडभर हसू. आणि तो ग्लास देणारा माणूस – माझा हाल्ली. माझा मुलगा.

नऊ वर्षं झाली. त्याच्या खोलीत चोरून केलेली बिअर सापडली. ‘या घरात ही बाटली राहील नाहीतर मी,’ असं मी म्हणाले. तो त्याच दुपारी गेला. नॉर्वेला गेला असं ऐकलं होतं. ते तरी कुणाकडून? राग्नाकडून.

पुढे लिहवत नाही.

४ मार्च

राग्ना परतली. तिच्याकडे गेले, कोटसुद्धा काढला नाही. तिनं काहीच नाकारलं नाही. तो नॉर्वेला कधी गेलाच नव्हता. दर ईस्टरला ‘बहिणीकडे’ म्हणून ही जायची ती त्याच्याकडे. त्याच्या टेबलावर जेवून यायची आणि माझ्या स्वयंपाकघरात बसून माझं रडणं ऐकायची. बहीण मरून सहा वर्षं झाली म्हणे.

‘मला का नाही सांगितलंस?’

‘त्यानं शपथ घातली होती.’ मग खाली बघत म्हणाली, ‘तू रडायचीस, सोल्वेइग. पण शोधायला एकदाही निघाली नाहीस.’

दार आपटून आले. आता या गावात माझं कुणी नाही.

५ मार्च

सकाळी राग्नानं दाराच्या फटीतून पाकीट सरकवलं. आत फोटो – पुढचे दोन दात पडलेली मुलगी. मागे हाल्लीचं अक्षर:

‘सोल्वेइग, वय सहा.’