जिवंतपणी जयंती

मंगळवार, संध्याकाळ

आज आबांचा, माझ्या वडिलांचा वाढदिवस. सकाळी पेपरातल्या क्रीडा दिनविशेषात त्यांचं नाव दिसलं आणि मी हरखले. पण पुढं छापलं होतं, 'जयंती'. माणूस समोर बसून चहा पितोय आणि जयंती! ज्या पैलवानासाठी अख्खं खासबाग मैदान उभं राहून ओरडायचं, तो जिवंत आहे का, एवढंही कुणी विचारू नये?

पेपरात फोन केला. पलीकडचे गृहस्थ म्हणाले, "चूक झाली मॅडम. उद्या दुरुस्ती छापतो."

आबांनी माझ्या हातातून फोन काढून घेतला. "नको पावणं, ऱ्हाऊ द्या. जित्ता हाय म्हटल्यावर पुढच्या वर्षी नाव कशाला छापताय?"

हसत म्हणाले असते तर बरं झालं असतं. हसले नाहीत.