आधी सुई बदला

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, धंदा शिवणकाम, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवत आहे. माझी शुद्ध आणि स्मरण ठिकाणावर आहे. चष्मा लावला की अजून सुईत दोरा एका फटक्यात जातो. कोणी माझ्यावर दबाव आणलेला नाही की भरीस घातलेले नाही. दबाव आणायला घरात दुसरे माणूस लागते, ते नऊ वर्षांपूर्वी गेले. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. वकीलबाईंनी कागद वाचून अधलामधला मजकूर गाळायला सांगितला होता. मी तो ठेवला आहे.

१. घर. दुसऱ्या मजल्यावरच्या माझ्या दोन खोल्या माझ्या एकुलत्या एका मुलाला मिळाव्यात. तो त्या विकणार हे मला माहीत आहे. त्याचे पोट दुसऱ्या शहरात आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. विकण्यापूर्वी फक्त पुढच्या खोलीतल्या फरशीच्या फटींतून टाचण्या काढाव्यात. लोहचुंबक खिडकीत आहे. नव्या माणसांच्या घरात रांगते मूल असले तर उगाच आपल्या नावाने बोटे मोडतील.

२. बँकेतली शिल्लक त्यालाच. त्याबद्दल लिहिण्यासारखे काही नाही.

३. कापडाची मोठी कात्री माझ्या नणंदेला. माझ्या लग्नाच्या दुसऱ्या वर्षी हिने या कात्रीने खोक्याचा पुठ्ठा कापला आणि वर म्हणाली, "वहिनी, कात्री ती कात्री, तिला काय कळतंय?" कात्रीला कळले. त्यानंतर कितीदा धार लावली, पण टोकाशी ती कापड चावते ते चावतेच. आम्ही दोघी अठ्ठेचाळीस वर्षे एकमेकींशी गोड बोलत आलो आहोत. आता ही कात्री तिनेच वापरावी.

४. चौक. हे कलम मुलाने घाई न करता वाचावे. फोनवर तीनदा सांगून झाले आहे, तिन्ही वेळा त्याला दुसरा फोन आला.

इंटरनेटवर शिलाई मशीनवाल्यांची एक जागा आहे, तिला आम्ही चौक म्हणतो. सोळा वर्षांपूर्वी माझे मशीनचे तेल संपले होते आणि एका गिऱ्हाइकाचा कोट दुसऱ्या दिवशी द्यायचा होता. मी स्वयंपाकघरातले तेल घातले. चार दिवसांत मशीन असे चिकटले की चाक जागचे हलेना. मुलानेच मला तेव्हा चौक शोधून दिला, हे तो विसरला आहे. मी तिथे लिहिले, "मशीनमध्ये खायचं तेल घातलं. आता चाक फिरत नाही. काय करू?"

चौक ज्यांनी सुरू केला त्यांना सगळे मास्तर म्हणत. त्यांचे उत्तर लगेच आले. "बाई, मशीन तळायचं नसतं." आणि त्याखाली एकतीस जणांनी एकच वाक्य लिहिले होते, "आधी सुई बदला."

तो चौकाचा नेम होता. मशीनची निम्मी दुखणी वाकड्या सुईची असतात, म्हणून कोणतीही तक्रार आली की पहिले उत्तर हेच. पुढे पुढे कोणाचे छत गळले, कोणाची बढती हुकली, तरी हेच. मला नवखीला हे काय माहीत! मी मुकाट्याने सुई बदलली आणि लिहिले, "बदलली. तरी चाक फिरत नाही."

लोक आठवडाभर हसत होते. माझे नाव तळणबाई पडले. आणि ते माझे वाक्य चौकात रुळले. कोणाचा गुडघा बरा होईना, कोणाची सून बोलेना, की तो लिहायचा, "बदलली, तरी चाक फिरत नाही," आणि मग सगळे त्याची विचारपूस करायचे. माझे दुसरे कुठलेही वाक्य इतक्या माणसांच्या कामी आलेले नाही.

हसून झाल्यावर मदतीला आला तो गुंता. हे त्याचे चौकातले नाव. तो गाड्यांच्या सीटची कव्हरे शिवतो आणि एकटाच राहतो. रॉकेल आणि दात घासायचा जुना ब्रश हाती घ्यायला लावून, चौकातूनच सांगत त्याने माझ्याकडून ते मशीन तीन दिवसांत सुटे करून पुन्हा जोडून घेतले. शेवटी एक स्क्रू उरला. मी घाबरून त्याचा फोटो टाकला. गुंता म्हणाला, "तो शोभेचा होता." मशीन सोळा वर्षे त्या स्क्रूशिवाय चालले आहे.

हे गेले तेव्हा मी चौकात दोनच शब्द लिहिले. "हे गेले." तासाभराने गुंताने लिहिले, "आधी सुई बदला." लोक त्याच्यावर तुटून पडले. मास्तर त्याला काढूनच टाकणार होते. मी लिहिले, "बदलली. तरी चाक फिरत नाही." आणि त्या आठवड्यात पहिल्यांदा मला रडू फुटले. घर सांत्वनाला आलेल्या माणसांनी भरले होते, पण मला उत्तर देता येईल असे त्यांच्यातले कोणी काहीच बोलले नव्हते.

चौकात एकेकाळी चारशे माणसे होती. सोडून जाणारा "मशीन झाकलं" असे लिहून जातो. मास्तरांचे त्यांच्या मुलीने लिहिले. जाण्याआधी त्यांनी चौकाची किल्ली, म्हणजे पासवर्ड, माझ्याकडे दिली होती. आता आम्ही दोघेच उरलो आहोत. रोज सकाळी साडेआठला गुंता विचारतो, "सुई बदलली का?" मी लिहिते, "बदलली." बस, एवढेच. मागे दातांच्या डॉक्टरकडे मला उशीर झाला, तर बाहेर येईपर्यंत त्याने पाच वेळा विचारले होते.

मुलगा म्हणाला होता, "आई, यात हसण्यासारखं काय आहे?"

"काही नाही रे."

"मग रोज तेच तेच कशाला लिहितेस?"

त्याचे उत्तर आता लिहिते. ज्या दिवशी माझे उत्तर येणार नाही, त्या दिवशी पावणेनऊपर्यंत कोणाच्या तरी ते लक्षात येईल. मला भीती माझी नाही. मी गेल्यावर तो रोज विचारत बसेल आणि त्याच्याकडे लक्ष ठेवायला कोणी उरणार नाही, या विचाराने मला चैन पडत नाही.

५. हे कलम खोडले आहे. शेजारी माझी सही आहे. यात मशीन गुंताला दिले होते. खोडण्याचे कारण असे, की मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात. एक खालचे औषधवाले तयार झाले. दुसऱ्यासाठी मी तीन आठवडे शोधाशोध केली. या गल्लीतल्या प्रत्येकाच्या कमरेचे माप मला तोंडपाठ आहे, पण माझ्या मरणाच्या कागदाला चला, असे म्हणण्याइतके जवळचे एकही माणूस निघाले नाही. लाज वाटली. चौकात सहज म्हणून लिहिले, "साक्षीदार मिळत नाही." उत्तर आले, "आधी सुई बदला." थोड्या वेळाने दुसरे आले, "मी येतो. पत्ता टाका."

सोळा वर्षांत आम्ही एकमेकांना पाहिलेले नव्हते. पण ज्याला काही मिळणार आहे त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकीलबाई म्हणाल्या. मी गुंताला तसे कळवले. तो म्हणाला, "तळलेलं मशीन कोणाला पाहिजे?" मी वकीलबाईंना विचारले, निदान तो उरलेला स्क्रू? त्या म्हणाल्या, "मावशी, स्क्रूसुद्धा चालणार नाही."

६. म्हणून मशीन माझ्या मुलाला. त्याला साधे बटण लावता येत नाही, आणि म्हणूनच. त्याने ते आपल्या घरी उजेडाच्या खिडकीपाशी ठेवावे आणि स्वतःच्या विजारी आखूड करायला घ्याव्यात. दोरा गुंतेल, मशीन अडेल. तेव्हा मेकॅनिक बोलावू नये, व्हिडिओ बघू नये. बटणांच्या डब्यात स्क्रूबरोबर चौकाची किल्ली कागदावर लिहून ठेवली आहे. मी गेल्याच्या दिवशी माझ्या नावाने एकदा "मशीन झाकलं" लिहावे. माझ्या वतीने रोज "बदलली" लिहू नये, मला माझी सोंगे नकोत. दुसऱ्या दिवसापासून स्वतःच्या नावाने, जे बिघडले असेल ते विचारावे. चौकाला चार वर्षांत एकही नवा अडाणी मिळालेला नाही. गुंताचे पहिले उत्तर काय येईल ते मुलाला आता ठाऊक आहे. त्याने खरोखर सुई बदलावी.

७. हे आज वकीलबाईंच्या कचेरीत बसून जोडले आहे. गुंता पाच तासांचा प्रवास करून आला. मला वाटला होता त्याहून बुटका आहे. नवा शर्ट घातला आहे, त्याची बाही दोन बोटे लांब आहे. अर्ध्या तासाचे काम, पण मशीन घरी आणि त्याची परतीची गाडी चारची. समोरासमोर बसलो.

"प्रवास बरा झाला?"

"झाला."

"चहा?"

"घेतला आत्ताच."

मग दोघे भिंतीकडे बघत राहिलो. मला फार वाईट वाटले. सोळा वर्षांचे माणूस आणि गाडीत शेजारी बसलेल्या परक्यासारखे. शेवटी त्याने खिशातून फोन काढला आणि मान खाली घालून काहीतरी लिहिले. माझ्या पिशवीत माझा फोन वाजला.

वकीलबाई म्हणाल्या, "बघा ना, घरून असेल."

"घरून नाही," मी म्हटले. "यांचाच आहे."

"सुई बदलली का?" मी चष्मा लावला आणि लिहिले, "बदलली." त्याने ते वाचले आणि पहिल्यांदा माझ्याकडे बघितले.

खरी नावे मूळ प्रतीत आहेत. त्याचे नाव मला आज कळले, ते त्याला शोभत नाही. ही प्रत मुलासाठी आहे, म्हणून इथे आम्ही जे आहोत तेच लिहिले आहे. वरचा सगळा मजकूर मी वाचून, समजून, राजीखुशीने सही केली आहे.

स्थळ : वकीलबाईंची कचेरी, बाहेरची खोली
दिनांक : ११ मार्च, सोमवार, दुपारी तीन

सही : तळणबाई

साक्षीदार पहिले : खालचे औषधवाले. बाईंनी माझ्यासमोर सही केली. त्यांना मी वीस वर्षे ओळखतो. हा कागद ऐकल्यावर वाटते, ओळखत नव्हतो.

साक्षीदार दुसरे : गुंता. बाईंनी माझ्यासमोर सही केली. बाई पूर्ण शुद्धीवर आहेत. मी स्वतः पाहिले, चाक फिरते आहे.