आईनं उतार सर केला

सोनुले,

"उतारावर मागं वळून पाहू नकोस गं, पोरी!" मला सायकल शिकवताना तुझे आजोबा ओरडायचे. आज दारातल्या उतारावर तोच आवाज कानात घुमला, आणि तू अंघोळीला गेलीस तेवढ्यात तुझी ही पायानं अधू आई तिच्या बॅटरीवरच्या अपंगांच्या स्कूटरवरून एकटी खाली उतरली!

वेगाचं बटण कासवाच्या चित्रावर, म्हणजे सगळ्यात हळू ठेवलं, गाडी नाकासमोर सरळ, मधे कुठं वळले नाही. मूठ सोडली की गाडी जागच्या जागी थांबते, तेही पाहिलं. चढताना पुढं वाकून बसले आणि घरात परत आले, फक्त तुला हे लिहायला. तू मागून सीट धरतेस ना, त्यानंच गाडी तिरकी होते, माझे राणी!

आता वाचनालयात पुस्तक बदलायला निघालेय. चहा झाकून ठेवलाय. ओल्या केसांनी माझ्यामागं धावत येऊ नकोस.

"तुला उतार कोण उतरवणार?" म्हणत तू आज त्या परगावच्या नोकरीला नकार कळवणार आहेस. मी गप्प राहिले, कारण मला तू जवळ हवी होतीस. अजूनही हवी आहेस. तरी सांगते बाळा, तू जा.

– आई