भिंगरीने बघावं म्हणून

५ फेब्रुवारी

ती. स्व. मामांस,
तुमच्या बडबड्या भाचीचा सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, रागावू नका. बहिऱ्या मुलांच्या शाळेत, स्वयंपाकघरात कामाला लागले, हे मागे कळवलंच होतं. सकाळभर बटाटे सोलते, दुपारभर पातेली घासते, आणि माझी बडबड ऐकायला इथे कुणी नाही. पोरांना ऐकू येत नाही आणि आचाऱ्याला ऐकू येऊनही तो ऐकत नाही.

भिंगरीसाठी ही नोकरी धरली, पण आपली भिंगरी माझ्याकडे बघतच नाही. तापात तिचे कान गेले तेव्हा सगळ्यांनी हीच शाळा सुचवली, इथे हातांनी बोलायला शिकवतात म्हणून. मुलांनी वसतिगृहातच राहायचं, असा इथला नियम. तिला वाटतं, कान गेले म्हणून आईने टाकली. मी समोर गेले की ती डोळे मिटून घेते. मामा, ऐकू येणारं मूल रुसलं तर दाराआडूनही समजूत काढता येते. हिने डोळे मिटले की माझं बोलणंच संपलं. तिच्यासाठी मी खुणांची भाषा शिकले, ती आता दाखवू कुणाला?

आता माझा नवा उपद्व्याप ऐका. शाळेच्या वाढदिवसाला नोकरमाणसांपैकी कुणी मुलांसाठी काही कराल का, असं मुख्य बाईंनी विचारलं. मी जादूचे प्रयोग करते म्हणून सांगून बसले! आयुष्यात कधी रुमालाची गाठसुद्धा गायब केली नाही. पण तुमचे प्रयोग भिंगरी कशी डोळे फाडून बघायची, ते आठवलं. जादू चालू असताना तरी ती डोळे उघडे ठेवील, एवढ्याचसाठी हा खटाटोप. काहीतरी सोपं शिकवा.

तब्येतीला जपा, आणि माझ्यावरची माया माझ्या बडबडीसकट सांभाळा.

तुमची,
बडबडी

१४ फेब्रुवारी

चि. बडबडीस,
अ. उ. आ.

अक्षर सूनबाईचं आहे, शब्द माझे. जन्मभर ज्या हातांवर पोट भरलं, ते हल्ली माझं ऐकत नाहीत. चहा तोंडाशी येईतो निम्मा बशीत सांडलेला असतो.

रुमाल आणि अंड्याच्या प्रयोगांची कृती मागच्या पानावर दिली आहे. मुख्य प्रयोग नाण्याचा. उजव्या हातातलं नाणं डाव्या मुठीत दिल्याचं नाटक करायचं आणि ते उजव्यातच दडवायचं. मूठ उघडली की रिकामी. यात सगळी करामत बोलण्याची असते. सोबत लोभी राजाची गोष्ट पाठवतो, ती तालात पाठ कर. राजा दचकला, असं म्हणताना तूही दचक. पोरं तुझ्या तोंडाकडे बघतील आणि तुझं काम होऊन जाईल. तुला बोलायला शिकवायची गरज नाही, मध्ये थांबायला शिकवावं लागेल.

प्रयोगाला मी स्वतः येऊन पहिल्या रांगेत बसणार आहे. चुकलीस तर तिथूनच कान पिळीन. बाकी आशीर्वाद आहेत, पुरवून वापर.

तुझा,
मामा

२३ फेब्रुवारी

ती. स्व. मामांस,
सा. न. वि. वि.

मामा, आपल्या दोघांच्या अकलेची आरती ओवाळली पाहिजे. तुम्ही गोष्ट पाठवलीत आणि मी ती आवाज चढवून-उतरवून पाठ केली. एकदा तर आचाऱ्याच्या हातून झारा पडला, इतकी छान दचकले. काल भाजी निवडायला आलेल्या मोठ्या मुलींसमोर करून पाहिली. राजा दचकला, मी दचकले, पण त्यांची पापणी हलली नाही. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. बहिऱ्या पोरांना गोष्ट ऐकवून फसवायला निघालो होतो आपण! पोट धरून हसले, आणि मग पातेली घासताना रडले.

खुणांनी गोष्ट सांगावी तर हात तिच्यातच गुंततात, मग नाणं कुणी धरायचं? आणि ही पोरं हातच बघतात हो. एका मुलीने सरळ माझा उजवा हात धरला आणि बोटं उलगडून नाणं काढून दाखवलं. तिला त्यात विशेष काही वाटलं नाही.

बाईंना नाही म्हणून सांगू का? पण भिंतीवर जाहिरात लागली आहे, मुलांनी काढलेल्या चित्रात माझ्या डोक्यावर ही एवढी उंच टोपी आहे. भिंगरी त्या चित्रासमोरून जाताना तोंड फिरवते, असं पहारेकरी सांगत होता. काही सुचत असेल तर लवकर लिहा, आणि नसेल सुचत तरी लिहा.

तुमची,
बडबडी

२ मार्च

चि. बडबडीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र ऐकून मला माझीच लाज वाटली. जन्मभर जिभेने जादू केली आणि श्रेय हातांना दिलं.

तोंड बंद ठेव. आता उरली नजर. माणूस जिथे बघतो तिथे समोरचाही बघतो, मग त्याला ऐकू येवो न येवो. डाव्या मुठीत नाणं आहे असं तू स्वतः धरून चाल आणि तिथेच बघ. पोरंही तिथेच बघतील. तुझी नजर हलली तर त्यांचीही हलेल, एवढं ध्यानात ठेव. आरशासमोर घोटून घे.

भिंगरीला माझा पापा दे, आणि घेत नसेल तर तुझ्याजवळ ठेव.

तुझा,
मामा

वन्सं, हे खालचं माझं. मामंजी येणार म्हणतात, पण डॉक्टरांनी प्रवासाला साफ नाही सांगितलं आहे. रोज पलंगावर बसून ते तुमचा प्रयोग करून बघतात. नाणं पडतं, मी उचलून देते, ते पुन्हा पडतं. काल मी उचलून दिलेलं त्यांनी घेतलंच नाही. तुम्हाला कळवू नको म्हणाले, म्हणून कळवते आहे. वहिनीला विसरू नका.

१७ मार्च

ती. स्व. मामांस,
सा. न. वि. वि.

प्रयोग झाला. रुमाल बाहीत अडकला, अंडं माझ्याच पायावर फुटलं. पोरं खूप हसली, त्यांना वाटलं हे ठरवूनच केलं आहे.

नाण्याचा प्रयोग शेवटी होता. मूठ मिटताना सहज समोर नजर गेली. भिंगरी भिंतीकडेला बसली होती, आणि तिचे डोळे उघडे होते. मामा, कुठली मूठ आणि कुठलं काय, मी तिच्याकडेच बघत राहिले. मग तुम्ही म्हणालात तसंच झालं. मी बघत होते तिकडे सगळी पोरं वळली. एकूण एक मान तिच्याकडे. काही जणांनी बोट दाखवून खूण केली, ही तिची आई. भिंगरीने गुडघ्यांत तोंड खुपसलं ते शेवटपर्यंत वर काढलं नाही.

नाणं मी कधी दडवलं ते कुणालाच दिसलं नाही. मूठ उघडली, रिकामी निघाली. इथली टाळी म्हणजे दोन्ही हात वर करून हलवायचे. सगळे हात हलत होते. त्यापेक्षा फजिती झाली असती तर बरं झालं असतं.

संध्याकाळी मुख्य बाईंनी बोलावून घेतलं. आई सारखी समोर असली की मूल रुळत नाही, दुसरीकडे काम बघता आलं तर पाहा, असं म्हणाल्या. चांगल्या शब्दांत म्हणाल्या. चूक त्यांचीही नाही.

तुमची,
बडबडी

२५ मार्च

चि. बडबडीस,
अ. उ. आ.

इकडे निघून ये. सूनबाईही हेच म्हणते. पोर मोठी झाली की तिला कळेल, नाही कळलं तर आपण काय करणार? मी तुला चुकीचं शिकवलं असतं तर निदान माफी मागता आली असती. शिकवलं ते बरोबर होतं, हेच मनाला लागलं आहे. घर तुझंच आहे, विचारत बसू नकोस.

तुझा,
मामा

३ एप्रिल

ती. स्व. मामांस,
सा. न. वि. वि.

मामा, मी येत नाही. दुसरीकडे काम मी बघितलेलं नाही, आणि बाईंनीही पुन्हा विषय काढलेला नाही. रागावलात तरी माया आटवू नका. वहिनींनाही समजावून सांगा.

ताटं वाढणारी बाई आजारी पडली, म्हणून आठवडाभर वाढायला मी उभी राहते. भिंगरी रांगेतून माझ्यासमोर आली की डोळे मिटते आणि ताट पुढे धरते. वाढून झालं की मी ताटाच्या कडेवर टिचकी मारते. ती तिच्या बोटांना कळते, मग ती वळते, आणि पुढे गेल्यावर डोळे उघडते. आमच्यात एवढंच आहे. याहून जास्त कधी होईल, असं मला खरंच वाटत नाही.

काल तिला वाढलं आणि माझ्या हातून डाव खाली पडला. तो उचलून, धुऊन मी परत आले, तर ती तिथेच उभी. ताट भरलेलं आहे हे तिला वजनावरून कळत होतं, वासावरून कळत होतं. मागची पोरं तिला ढोसत होती. तरी ती डोळे घट्ट मिटून, ताट दोन्ही हातांनी धरून उभी होती. मी टिचकी मारली, तेव्हा गेली.

तुमची,
बडबडी