सुजलेल्या चेहऱ्याची ओळख पटवून घेणेबाबत

प्रति,
मा. परवाना अधिकारी,
भारवाहक नोंद कार्यालय,
चुइखोला.

विषय : मयत पती पूर्णध्वज राई यांचे प्रेत ओळखून दफनासाठी ताब्यात घेण्यास थाङबुक चौकीच्या वर जाऊ देणेबाबत.

संदर्भ : अर्जदाराचा मागील अर्ज व त्यावरील आपला शेरा, ‘चेहरा जुळवून यावे’.

महोदय,

अर्जदार जसमाया राई, धंदा ओझी वाहणे, सविनय कळविते की, अर्जदाराचे पती सामान घेऊन थाङबुकच्या वर गेले असता छातीत पाणी भरून वारले. खानावळ चालवणाऱ्या ल्हामू शेर्पिणीने प्रेत आपल्या याकांच्या गोठ्यात बर्फ लावून ठेवले आहे.

१. निरोप मिळताच अर्जदार निघाली. चौकीवर पोहोचेपर्यंत तिचे तोंड भाकरीसारखे फुगले होते. हवालदार घर्ती यांनी परवान्यावरील फोटो पाहिला व म्हणाले, “ही तुझी धाकटी बहीण दिसते. तिलाच पाठव.” अर्जदारास बहीण नाही, तीन भाऊ आहेत.

२. अर्जदार खाली आली तोवर सूज ओसरली. आपले लिपिक ढकाल यांनी फोटो ताडून पाहिला आणि “जुळतंय की! उगाच कशाला हेलपाटे घालता?” असे म्हणून तिला परत वर धाडले. वर तोंड पुन्हा सुजले. मग अर्जदाराने वरच फोटो काढून आणला, तो खाली जुळेना. त्यावर ढकाल यांनी असे सुचविले की, निम्म्या वाटेवरच्या चहाच्या टपरीपाशी अर्धवट सुजलेला फोटो काढावा, म्हणजे दोन्हीकडे थोडा थोडा जुळेल. अर्जदाराने तसाही काढला. तो कुठेच जुळला नाही.

३. येथील दवाखान्याचे डॉक्टर निरौला यांचे म्हणणे असे की, उंचावर नुसते बसून राहिल्यास माणसाला उलट लघवी जास्त होते. पण दिवसेंदिवस ओझे घेऊन चढत राहिल्यास अंगातली काही संप्रेरके वाढतात, ती मीठ व पाणी धरून ठेवतात आणि ते पाणी पापण्यांत, घोट्यांत उतरते. विसावा मिळाला की ओसरते. तसा दाखला मात्र त्यांनी दिला नाही, कारण त्यांच्यासमोर सूज नव्हती. सूज उतरेपर्यंत चौकीवर बसून राहण्याची अर्जदाराची तयारी होती, परंतु परवाना जुळल्याशिवाय तेथे रात्र काढता येत नाही. ढकाल म्हणाले, “मग हेलिकॉप्टरनं जा ना वहिनी. चालायला नको, सुजायला नको.” शास्त्राप्रमाणे ते बरोबर आहे.

४. आता ल्हामू दिदीचा नवा निरोप आला आहे : “जसमाया, तुझ्या नवऱ्याचंही तोंड फोटोशी जुळत नाही म्हणून घर्तीनं ‘अनोळखी’ लिहून टाकलंय. पौर्णिमा झाली की बेवारस म्हणून पुरणार म्हणतो. मी सांगून सांगून थकले गं, पण मी पडले परकी.” अर्जदाराची सूज खाली आल्यावर उतरते. पतींना खाली येता येत नाही.

५. आम्हां राई लोकांत माणसाला मातीत ठेवताना त्याचे नाव व कूळ पुकारून पूर्वजांकडची वाट सांगावी लागते. अनोळखी माणसाला ती कोण सांगणार?

सबब विनंती की, अर्जदाराचा चेहरा जुळत नसेल तर न जुळो. सोबत शिपाई द्यावा, हवे तर हात बांधून न्यावे, पण पौर्णिमेआधी वर न्यावे. साहेब, लग्न झाल्यापासून आम्ही दोघे एकाच वाटेवर ओझी वाहत आलो. मुक्कामाला टोपली उतरवली की ते माझ्या तोंडाला हसत आणि मी त्यांच्या. सुजल्यावर ते कसे दिसतात हे फोटोला ठाऊक नाही, मला ठाऊक आहे. तेव्हा फोटोला न विचारता मला विचारावे. मला फार भीती वाटते आहे.

आपल्या दारात उत्तरासाठी बसलेली,
जसमाया राई
चुइखोला, जेठ महिना, पौर्णिमेला चार दिवस बाकी

सोबत : अर्जदाराचे तीन फोटो.
पतीचा एक. तो परत मिळावा, माझ्याकडे दुसरा नाही.