हरकत, पाने एकसष्ट

३ मार्च, सोमवार
मोठी लॉ फर्म सोडून आज स्वतःची सुरू केली. (जा असं त्यांनीच सांगितलं. पण मी गेलो, हे खरंच आहे.) चष्म्याच्या दुकानावरची खोली. पाटीवर माझ्या नावापुढे 'अँड असोसिएट्स'. असोसिएट्स अजून नेमलेले नाहीत, पण पाटी पुन्हा पुन्हा कोण रंगवणार?
काम सोपं आहे. सरकार नियम बदलतं, धंदेवाल्यांना ते कळत नाहीत, मध्ये मी.
ठराव: रोज सहाला उठून राजपत्र वाचणे.
हिला फोन केला. लेकीच्या बाळंतपणाला दोन महिन्यांसाठी गेली होती, अकरा झाले. म्हणाली, बाळ झोपलंय, नंतर बोलू.

७ मार्च, शुक्रवार
उठलो पावणेनऊला. पण पहिली क्लायंट आली! लाकडी खेळणी बनवणाऱ्या बाई. कारखान्यात नऊ माणसं. नव्या नियमाचा मसुदा निघालाय: प्रत्येक खेळणं, प्रत्येक रंगात, सरकारमान्य लॅबमधून वेगळं तपासून घ्यायचं. बाईंकडे चाळीस प्रकारची खेळणी, सहा रंग. म्हणाल्या, "वकीलसाहेब, हे लागू झालं की माझं शटर खाली." हरकती पाठवायची मुदत २ एप्रिल.
म्हटलं, निर्धास्त राहा. खात्याचा संचालक माझा वर्गमित्र आहे.
समोरच्या खुर्चीत एरवी कोणी नसतं. माणूस बसलं की खोली लहान वाटते. छान वाटते.

१८ मार्च, मंगळवार
वर्गमित्राला पाचवा फोन. पीएने विचारलं, कुठल्या वर्गातले? सगळ्याच, म्हटलं. साहेब मीटिंगमध्ये आहेत. चांगलं लक्षण. खातं कामाला लागलंय.
हरकतीची प्रस्तावना झाली: 'खेळण्यांचे नियमन, प्राचीन काळापासून'. बावीस पानं. बाई बघायला आल्या होत्या. म्हणाल्या, "विष असलं तर रंगातच असणार ना? मग सहा डबे तपासा. हे यात कुठे लिहिलंय?" येईल, म्हटलं, अठ्ठावन्नाव्या पानावर. लोकांना कायद्याची खोली कळत नाही.
चहा मागवतो म्हणेपर्यंत गेल्यासुद्धा.
हिचा फोन नाही. मीही केला नाही. कामात आहे असं वाटलं पाहिजे.

२ एप्रिल, बुधवार, संध्याकाळी ५.५०
एकसष्ट पानं पूर्ण! हरकती घेणारं सरकारी पोर्टल सहाला बंद. आणि पोर्टलवर जागा फक्त तीन हजार अक्षरांची. काटछाट करायला वेळ कुठला? मावलं तेवढं गेलं. म्हणजे माझा परिचय, माझा अनुभव, आणि शेवटी 'आता मूळ मुद्द्याकडे वळू. तो असा की'.
६.१०: शांतपणे विचार करता, झालं ते बरंच. वाचणाऱ्याची उत्सुकता वाढेल. सुनावणीला बोलावतीलच.

२२ एप्रिल, मंगळवार
बोलावलं! (सगळ्यांनाच बोलावलं होतं.) ऐंशी माणसं, प्रत्येकाला तीन मिनिटं. माझं भाषण चाळीस मिनिटांचं. समोर वर्गमित्र. मी हात हलवला. मला पाणी हवंय असं वाटून त्याने शिपायाबरोबर ग्लास पाठवला.
माझा परिचय संपला आणि घंटा झाली.
मग बाई उठल्या. हातात कागद नाही. पिशवीतून एक कोरं बदक काढलं आणि एक रंगाचा डबा. "साहेब, मुलं हे तोंडात घालतात. विष मलाही नकोय. डबा तपासा, दहादा तपासा. पण एकाच डब्यातला रंग बदकावर चांगला आणि घोड्यावर वाईट कसा होईल?"
संचालक खुर्चीतून उठून खाली आला. बदक हातात घेऊन उलटंसुलटं पाहिलं. शेजारच्याला म्हणाला, हे लिहून घ्या.
बाहेर आल्यावर सगळे खेळणीवाले बाईंभोवती. कँटीनला निघाले. बाई म्हणाल्या, "चला ना वकीलसाहेब." दुसरी मीटिंग आहे, म्हटलं.
नव्हती.

९ जून, सोमवार
नियम आला. तपासणी रंगाच्या डब्याची, खेळण्यांची नाही. बाईंचा फोन आला: "शटर वरच राहणार!" मागे मशीनचा आणि माणसांचा गलका. पुढचं ऐकूच आलं नाही.
ऐतिहासिक विजय. अकरा वाजता हिला फोन लावला. उचलला. सगळं पहिल्यापासून सांगितलं: माझे डावपेच, माझी एकसष्ट पानं, संचालकाशी माझे जुने संबंध. वीस मिनिटं. लग्नाला एकतीस वर्षं झाली, इतकं मन लावून तिने कधी ऐकलं नव्हतं. एकदाही मध्ये तोडलं नाही. नुसता श्वास ऐकू येत होता. मलाच भरून आलं. म्हटलं, आता तरी ये ना घरी.
पलीकडून आवाज आला, "बब्बा."
फोन नातवाच्या हातात होता.
लांबून ही म्हणत होती, "अरे लबाडा, आण बघू तो इकडे." पावलं जवळ येत होती. तेवढ्यात घाईघाईने त्यालाच खरं काय ते सांगून टाकलं. की मी काही केलं नाही, बाई बोलल्या म्हणून झालं. की इथे दिवसभर कोणी येत नाही.
तो हसला. फोन बंद झाला.
आता चार वाजलेत. उलटा फोन आलेला नाही.