पस्तीस अंशांची पेटी

बुधवार पेठ, पुणे
८ डिसेंबर १९९९

चि. पूर्णिमा, तुला वैजनाथमामाचे अनेक आशीर्वाद.

पत्र मिळाले. अक्काच्या पायाची जखम अजून वाहते आहे हे वाचून घास उतरेना. मोडलेल्या पायात सळई घातल्यावर पू झाला, तो तू स्वतः पुण्यात आणून तपासलास, या औषधाने जंतू मरतो असा निर्वाळा दिलास. मग तुझ्या आईचा ताप उतरत का नाही? परभणीचा कंपाउंडर इंजेक्शन भरतो की नुसते पाणी, ते एकदा बघ.

तू लिहिलेस म्हणून तुझ्या प्रयोगशाळेत जाऊन जंतू वाढवायची पेटी तपासली. मी बनवलेल्या वस्तूत दोष शोधायचा म्हणजे तुला फारच वेळ आहे. काडीचाही दोष नाही. उलट आता सांगतोच. तू पस्तीस अंश मागितले होतेस. माणसाचे अंग सदतीस असते हे शाळकरी पोरांनाही ठाऊक आहे. सरांसमोर तुझे हसे नको म्हणून दिवाळीनंतर पेटी दुरुस्तीला आली तेव्हा आतला स्क्रू फिरवून मी सदतीस करून दिले. बाहेरचा आकडा पस्तीसच ठेवला. तुलाही कळले नाही, याला सफाई म्हणतात.

आमचा सुदर्शन घरी फक्त आंघोळीला येतो. कॉम्प्युटरमध्ये सालाचे दोन आकडे कमी ठेवले म्हणून त्याच्या कंपनीची झोप उडाली आहे. मी त्याला म्हटले, आधी मापे घ्यायला शिका.

अक्काला जप. लोभ आहेच, उत्तराचा आळस नसावा.
वैजनाथमामा

परभणी
११ डिसेंबर १९९९

ती. मामांना सा. न. वि. वि.

तुमचे पत्र वाचून लगेच फोन केला. "पस्तीस चूकच," म्हणून तुम्ही तो आपटलात. म्हणून हे पत्र पुण्याच्या ट्रॅव्हल्सच्या संपत ड्रायव्हरकडे देते आहे. कृपा करून शेवटपर्यंत वाचा.

मामा, पस्तीस मी चुकून मागितले नव्हते. हा जंतू बशीत ऊब वाढली की आपली ताकद झाकतो, अंगात मात्र ती वापरतोच. सदतीसला बशीत ठेवलेल्या औषधाच्या चकतीभोवती जंतू नसलेले मोकळे वर्तुळ दिसते, आपल्याला वाटते औषध लागू पडते. पस्तीसला तोच जंतू चकतीला खेटून वाढू शकतो. माझा सगळा अभ्यास या लबाडीवरच आहे. आणि आईचा पू मी त्याच पेटीत तपासला.

डॉक्टर म्हणतात, मंगळवारपर्यंत ताप हटला नाही तर विष अंगभर पसरायच्या आत पाय काढावा लागेल. दुसरे औषध आहे, पण ते मूत्रपिंडांना जड. आईची आधीच अशक्त आहेत. नुसत्या संशयावर ते द्यायला डॉक्टर तयार नाहीत, कागदावर निकाल मागतात. आईला पायाचे काही सांगितलेले नाही. ती मला विचारते, तुझे औषध कधी लागू पडणार?

आतला स्क्रू तुमच्याशिवाय कोणाला जमायचा नाही, तो मागे फिरवा. आत वेगळा थर्मामीटर ठेवून पाहा. तो मी ठेवला नव्हता, मामांचा आकडा म्हणजे आकडा, असे धरून चालले. माझ्यासोबत काम करणारी दीपाली आहे, फ्रिजमध्ये राखलेला आईचा नमुना तिला लगेच लावायला सांगा. एक दिवस लागतो. माझ्यावर रागवायचे असेल तर नंतर रागवा.

तुमची,
पूर्णिमा

पुणे
१३ डिसेंबर १९९९

चि. पूर्णिमास आशीर्वाद.

फोन आपटला नव्हता. रिसीव्हर जड आहे.

तुला खोटे पाडायचे म्हणून दुकानातली दुसरी पेटी रिक्षात घालून नेली. एकीत सदतीस, एकीत पस्तीस, दोन्हींत थर्मामीटर. अक्काचा जंतू दोन्हींत लावला. आज सकाळी उघडल्या. सदतीसच्या बशीत चकतीभोवती रुपयाएवढे स्वच्छ वर्तुळ. पस्तीसच्या बशीत चकतीच्या कडेपर्यंत सायीसारखा दाट थर. मी भिंग लावून पाहिले. चकती शिळी असेल, बदल, असे दीपालीला म्हटले. ती म्हणाली, चकती तीच आहे मामा, आता जरा बसा.

निकाल तिने फोनवर कळवला आहेच. कागद संपतकडे देतो आहे. सदतीसचा निकालही जोडला आहे, डॉक्टरांना फरक दिसू दे.

तुझ्या सरांना भेटलो. दिवाळीनंतरचे या पेटीतले सगळे निकाल रद्द धरा आणि ज्यांना दिले त्यांना आजच कळवा, असे सांगितले. स्क्रू कोणी फिरवला, विचारले. सांगितले.

पायाचे काय ते लगेच कळव.
मामा

परभणी
२४ डिसेंबर १९९९

ती. मामांना सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही फक्त "बरं" म्हणालात, म्हणून सविस्तर लिहिते. नवे औषध सुरू झाल्यावर तिसऱ्या दिवशी ताप उतरला. पाय राहिला. मूत्रपिंडांवर डॉक्टरांचे लक्ष आहे, आणि आई लंगडत चालेल, पण स्वतःच्या दोन पायांवर.

तिला सगळे सांगितले. ती म्हणाली, वैजूने माझ्या लग्नातले घड्याळही असेच न विचारता बरे करून दिले होते, तेव्हापासून ते पुढे पळते. मग बराच वेळ हसली. आजारपणात पहिल्यांदाच.

सरांचेही पत्र आले. सगळ्या तपासण्या पुन्हा करायच्या. प्रबंध पुढे गेला. पेटी मात्र तुमचीच हवी, असे मी त्यांना कळवले आहे.

मामींना नमस्कार. माया पातळ करू नका.
पूर्णिमा

पुणे
३० डिसेंबर १९९९

चि. पूर्णिमास आशीर्वाद.

पेटीत थर्मामीटर कायमचा बसवला आहे. स्क्रूला सील केले आहे. दारावर पितळी पाटी लावली आहे, अक्षरे मी स्वतः कोरली, सरांना विचारून. पाटी अशी:

"पस्तीस म्हणजे पस्तीस. पटत नसल्यास पूर्णिमाला विचारावे. स्क्रूला हात लावू नये. विशेषतः पेटी करणाऱ्याने."

अक्काला म्हणावे, घड्याळ पाठवून दे. ते किती पुढे पळते हे या वेळी तिला विचारून मगच उघडीन.

वैजनाथमामा